पुस्तकात नसलेला प्रश्न

वल्हांडणाच्या, म्हणजे गुलामीतून सुटकेच्या सणाच्या रात्री यहुदी घरातल्या शेंडेफळानं प्रार्थनेच्या पुस्तकातले चार प्रश्न विचारायचे असतात. यंदा पाळी पाच वर्षांच्या लेकीची. आईनं महिनाभर तिच्याकडून घोकून घेतलं होतं, तरी ताटं मांडताना स्वतःचेच ओठ हलत होते. तीन प्रश्न खणखणीत झाले. चौथा होता, आज सगळे उशीला टेकून का बसतात? लेक मध्येच थांबली. तिनं ताट घेऊन उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. “आई का नाही टेकली?” आजोबांनी घाईघाईनं पानं चाळली. “हा प्रश्न पुस्तकात नाही गं! गुलामीतून सुटलेली माणसं ऐसपैस टेकतात, बाळा.” “मग आई सुटायची राहिली?” सगळे खो-खो हसले. आजोबांनी उठून आपली उशी सुनेच्या खुर्चीत ठेवली आणि तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. “बसा सूनबाई. आज वाढपी मी.” ती बसली, पण ताठच. “आई, टेक!” लेक ओरडली.