नवशिक्याचं लिनक्स

सोपानचा लॅपटॉप थकला होता आणि आता नवा येणार, हे घरात जवळपास ठरलं होतं. तेवढ्यात वरवट बकालच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या कय्यूम मेकॅनिकनं त्याच्या वडिलांना सुचवलं, "शेषरावभाऊ, नवा कायले घेता? याच्यातच विंडोजच्या जागी लिनक्स टाका. फुकट हाय, जुन्यावरही पळते. प्रकार लय हायेत, फक्त नवशिक्याले झेपीन असं सोपं निवडा."

निवड सोपानवर आली. त्यानं मन लावून सगळ्यांत अवघड लिनक्स शोधलं आणि टाकलं. काळाकुट्ट पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ.

"पाहा बाबा. गेम नाही, पिक्चर नाही, काहीच नाही याच्यात."

शेषराव त्या रेघेकडे बराच वेळ समाधानानं पाहत राहिले.

"आता तुहा मोबाइल आण. त्याच्यातही हेच टाक."