शाईचा रंग

नोकरी सांभाळून घरबसल्या मानसशास्त्राच्या पदवीचं पायाभूत वर्ष करणाऱ्या ग्वेनला प्रयोगासाठी दहावा माणूस मिळेना. अहवाल तर आजच द्यायचा. म्हणून तिनं बापालाच बसवलं. कार्डावर हिरव्या शाईत ‘लाल’ लिहिलेलं. शब्द सोडून शाईचा रंग सांगायचा. नऊही जण अडखळले होते, कारण वाचता येणाऱ्याला शब्द टाळताच येत नाही. म्हातारा मात्र ग्रिम्झबीच्या गोदीत मासे फेकायचा तसे रंग फेकत सुटला. एकही चूक नाही. “हरले ना तुझे शिकलेले? लिही आकडा.” ग्वेनचं पेन थबकलं. रोज चष्मा हरवणारा, बातम्या तिच्याकडून वाचून घेणारा बाप तिच्याकडे रोखून बघत होता. “कसं जमलं, तेही लिहिणार?” “तुम्ही लबाडी केलीत, बाबा. आकडा बाद.” एरवी रेफरीशीही भांडणाऱ्या बापानं मुकाट्यानं मान डोलावली. “केली खरी,” म्हणाला आणि पेपर तोंडासमोर धरला.