बादलीवरची बोटं

एल्गॉन डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दवाखान्याची भट्टी मासिंदे पेटवायचा. पट्ट्या, सुया, कापून काढलेले हातपाय, सगळ्याची राख तो मागच्या पडक्या विहिरीत ओतायचा. गढूळ पाणी मूठभर राख टाकून निवळायची गावात रीतच होती. मग राखेनं पाणी कसं नासेल?

पण शेजारच्या नव्या विहिरीतून बादली वर आली, की तिच्या काठाला आतून राखाडी बोटं उमटलेली असायची. रोज.

त्याची वहिनी नांजाला मक्याच्या शेतातून तशीच कोयता घेऊन आली आणि तिनं रिकामी बादली त्याच्या तोंडावर हाणली.

"भावजी, माझी पोर रक्त ओकतेय!"

"आगीतून गेलेलं परत येतं का, वहिनी?" फाटलेल्या ओठानं तो हसला. "थांबा, तुमच्यासमोर काढतो आणि पितो."

नेहमीसारखा दोर मनगटाला गुंडाळून त्यानं बादली नव्या विहिरीत सोडली. ती पाण्याला टेकली आणि दोराला हिसका बसला. मासिंदे छातीवर आपटला. बरगडी मोडल्याचा आवाज नांजालानंही ऐकला. तिनं त्याचे पाय धरले, तशी खालची ओढ दुप्पट झाली आणि त्याचा खांदा निखळला.

"कापा, वहिनी! दोर कापा!"

दोर मनगटाच्या मांसात इतका रुतला होता, की दिसतच नव्हता. काठाच्या आत हात घालायची तिची छाती झाली नाही. तिनं काठावर ताणलेल्या मनगटावरच कोयता उगारला.

तशी खालची ओढ एकदम थांबली, वाट बघत असल्यासारखी.