तिथे टूजीच आहे

"आबा, इथे फक्त टूजी येतंय. व्हिडिओ नाही चालणार," स्पीकरवर मनीषचा आवाज आला. "आवाज येतोय ना? बस, मग बोला की."

जयसिंगरावांनी मिशीला पीळ दिला. धाकट्याचं हे टूजी-पुराण आठवडाभर चालू होतं. कंपनीच्या कामाला गेला नागपूरला, आणि तिथे म्हणे टूजी! अहो, इथे इंदूरला परदेशीपुऱ्याच्या गल्लीबोळात फाइव्हजी पळतंय. हा पठ्ठ्या नक्की विक्रांतकडे उतरलाय, याबद्दल त्यांना तीळभर शंका नव्हती. मर्जीविरुद्ध लग्न करून नागपूरला गेलेल्या त्या थोरल्याचं नावही घरात काढायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. व्हिडिओ लावला तर मागे तो दिसेल ना!

पण जयसिंगराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. सकाळीच राजवाड्याजवळच्या मोबाईलवाल्याला त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं.

"काकाजी, टूजी म्हणजे अपनी सराफ्याची गली," तो म्हणाला होता. "एका वेळी एकच काम. बोलणं चालू असलं की नेटवरचा मेसेज अटकणार, फोन ठेवल्यावरच जाणार. थ्रीजीपासून दोन्ही सोबत होतं. फोरजीत व्हिडिओपण मस्त चालतो. आणि फाइव्हजी म्हणजे सुपर कॉरिडॉर, कितीही गाड्या सोडा."

"हां, मग जेवणाचं कसं काय तिथे?" असं गोड गोड विचारत जयसिंगरावांनी त्याच फोनवरून मनीषला नुसतं 'रामराम' पाठवलं. एक टिक आली. लगेच दुसरीही. पोचलासुद्धा रामराम!

"लबाडा! टूजीवर बोलता बोलता मेसेज पोचला होय रे? बापाला उल्लू बनवतोस? व्हिडिओ लाव, आत्ताच्या आत्ता. बघू दे मला, कोण बसलंय तुझ्यामागे!"

मनीषचा आवाज एकदम खाली आला.

"आबा, आई आहे का जवळ?"

"किचनमध्ये आहे. तू लाव म्हणतो ना!"

व्हिडिओ लागला. एकदम साफ, कुठे न अटकता. मनीषच्या डोक्यावर केस नव्हते. मिशीही नव्हती. मागे रिकामी भिंत होती आणि भिंतीशी एक दिवा लावलेला होता.

"घरी येऊन सांगणार होतो, आबा," मनीष हळूच म्हणाला. "आईला फोनवर कसं सांगू? दादाला मीच अग्नी दिला. द्यायला दुसरं कोणी नव्हतं."

जयसिंगरावांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला.

त्यांचा आरडाओरडा ऐकून जनाबाई पदराला हात पुसत लगबगीने बाहेर आल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत जरा घुटमळल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते नाव त्यांच्या तोंडून निघालं.

"अहो, मागे विक्रांत दिसला का हो?"

जयसिंगरावांनी फोन छातीशी उलटा दाबून धरला.

"काही दिसत नाही," ते म्हणाले. "खरंच टूजीच आहे तिथे."