ताणलेली दोरी

समोरून मोठा कुत्रा भुंकत आला आणि फिरायला आणलेली नातीची मांजर मागे सरकू लागली. तिचा एक पाय छातीच्या पट्ट्यातून सुटलाच होता. आणखी एक झटका, की ती थेट गाड्यांखाली. अप्पांनी दोरी गच्च आवळली.

“ओढू नका, निसटेल,” बायको दबक्या आवाजात म्हणाली. “सैल सोडा आणि खाली बसा.”

“फुटपाथवर? पलीकडून सबनीस बघताहेत.”

“सबनीस कुठे पळून जात नाहीत. ही जाईल.”

कडक इस्त्रीच्या लेंग्यासकट अप्पा खाली बसले. मांजरीने रस्त्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे, आणि मांडीवर चढून सगळी नखं रोवली. मालकाने कुत्र्याला ओढत नेलं.

सबनीस रस्ता ओलांडून आले. “काय हो, चक्कर आली का?”

“छे, तब्येत ठणठणीत आहे,” अप्पा न हलता म्हणाले. “फक्त उठायची परवानगी यायची आहे.”