संदर्भसूचीतली नावं

उमरग्यातल्या घरात हर्षाली भरदुपारी शोधनिबंधाची संदर्भसूची तपासत होती. निबंध संध्याकाळपर्यंत नियतकालिकाला पाठवायचा होता. ती लेखकांची नावं मोठ्यानं वाचायची आणि भाऊ श्रीनाथ लॅपटॉपवर स्वल्पविराम, वर्षं नीट करायचा.

"बिराजदार, दैवशाला," तिनं वाचलं.

"व्हय," स्वयंपाकघरातून बाईचा आवाज आला.

श्रीनाथनं मान वर केली. "आई तुळजापूरला गेलीय न्हवं?"

हर्षालीनं चाचरत पुढचं नाव घेतलं. "माने, महारुद्र."

"व्हय." हा आवाज पुरुषाचा होता.

हर्षालीनं लॅपटॉप आपल्याकडं वळवला. "बास. आता मनातच वाचू," ती पुटपुटली.

घर शांत झालं. मग आतून हुबेहूब हर्षालीच्या आवाजात हाक आली, "श्रीनाथ."

शेजारी बसलेल्या बहिणीकडं न बघता तो "व्हय" म्हणाला आणि उठला.