इस्मेमावशीची शंका

पांढरा सुती कोट. सोळा छापील पानं. टेकडीवरच्या अंगणात उन्हानं तापलेले स्टीलचे ड्रम.

स्टीलपॅनवर, म्हणजे त्या ड्रमांवर, जॅझ आणि त्रिनिदादचं लोकसंगीत कॅलिप्सो मिसळून न्यूयॉर्कात नाव कमावलेला ऑस्बर्ट कार्निव्हलच्या स्पर्धेसाठी गावच्या बँडला आपली रचना शिकवायला त्रिनिदादला आला होता. त्या पानांवरची स्वरलिपी बँडमधल्या एकालाही वाचता येईना.

"टिनपाट बडवे तुम्ही, टिनपाट बडवेच राहणार!" म्हणत त्यानं सगळ्यांना लाज वाटावी म्हणून अख्खी रचना एका दमात वाजवली.

बँडमधल्या सत्तरीच्या इस्मेमावशीनं छोले भरलेल्या डबल्सचा शेवटचा घास संपवला, बोटं पुसली, काठ्या उचलल्या आणि तीच रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली.

"बाळा, मधे तुझा हात घसरला, तेवढं ठेवू की गाळू?"

गेल्या महिन्यात पॅरिसमध्ये रचनेतल्या नेमक्या त्याच जागेला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.